कानामागचा हात

रविवारचा वर्ग संपला आणि लोक बूट घालायला भिंतीकडे वळले, तेव्हा मास्तरांनी टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं. मग ते म्हणाले, "कवळीबाई, सहावा पालट दाखव."

कवळीबाई हे तिचं वर्गातलं नाव. ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, काय करता, तिने सरळ सांगितलं, आणि नाव चिकटलं. तिची त्याला हरकत नव्हती. तिच्या नवऱ्याला सगळे ब्रेकसाहेब म्हणायचे, कारण तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा आणि शिकाऊ माणसाच्या शेजारी, पायाखाली दुसरा ब्रेक धरून बसण्यात त्याचा दिवस जायचा. वर्गातले वकीलकाका म्हणत, हा माणूस स्वर्गाच्या दारातही आधी पाय टेकून बघेल ब्रेक लागतो का.

हॉल एका फर्निचरच्या दुकानावर होता. खालून पॉलिशचा वास यायचा. लाकडी जमिनीवर मास्तर दोरीला खडू बांधून वर्तुळं काढत आणि प्रत्येकाने आपापल्या वर्तुळावर चालायचं. बघायला आलेल्याला त्यात काही दिसत नसे. "घाण्याचे बैल बरे," असं एक पाहुणा जिन्यात म्हणाला होता आणि ते वर सगळ्यांना ऐकू आलं होतं. पण चालणाऱ्याला त्यात पुष्कळ असायचं. मास्तर शिकवत ती बाग्वा ही चिनी युद्धकला, बळापेक्षा आतल्या ताकदीवर भर देणारी. गुडघे वाकवून पाऊल जमिनीलगत, चिखलातून सरकवल्यासारखं टाकायचं, कमरेपासून वरचं अंग वर्तुळाच्या मध्याकडे पिळायचं आणि नजर मध्यावर ठेवायची, तिथे समोरचा उभा आहे असं धरून. चालता चालता पाऊल आत वळवून दिशा बदलायची, त्यासोबत हात बदलायचे. या बदलाला मास्तर पालट म्हणत. असे पालट आठ. मास्तर तरुणपणी जहाजावर कामाला होते, तेव्हा एका बंदरातल्या म्हाताऱ्या चिनी गुरूकडून त्यांनी ही चाल घेतली होती.

"कसा दाखवू?" तिने विचारलं.

"तुझा. एकटीचा."

तिच्यापुरते सहावे पालट दोन होते. एक वर्गात सगळे करत तो. त्यात पाऊल आत वळलं की हात बदलून सरळ पुढे निघायचं. दुसरा मास्तरांनी तिला वर्ग सुटल्यावर, खालच्या दुकानाचं शटर बंद असताना, एकटीला शिकवला होता. त्यात पाऊल आत वळलं की वजन क्षणभर मागच्या टाचेवर थांबायचं, हाताची पालथी बाजू कानामागून फिरायची, नजर खांद्यावरून मागे जायची आणि मगच चाल पुढे निघायची. मास्तर त्याला कानामागचा हात म्हणत. "हा आतला आहे," त्यांनी सांगितलं होतं. "वर्गात करायचा नाही. कोणाला दाखवायचा नाही, घरच्यांनाही नाही."

तिने ते पाळलं होतं. नवरा त्याच वर्गात, त्याच घरात, तरी त्याला तिने कधी सांगितलं नव्हतं. तो सकाळच्या पहिल्या शिकाऊंना घेऊन बाहेर पडला की ती स्वयंपाकघरात मध्यभागी स्टूल ठेवायची, दार लोटून घ्यायची आणि स्टुलाभोवती चालायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ती मूठ तिने बरीच वर्षं झाकून ठेवली होती. मध्ये लॅबच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या शहरात शाखा काढली आणि ती सांभाळायला हिलाच बोलावलं, तेव्हा ती नाही म्हणाली. कानामागचा हात नुकताच मिळाला होता आणि मास्तर म्हणाले होते, आता कुठे आतलं सुरू झालंय, आता जाऊ नकोस. मालकीणबाईंना तिने गुडघ्याचं कारण दिलं.

आता मास्तरांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर ते लेकीकडे राहायला जाणार होते. वर्ग कोणाच्या हाती द्यायचा हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं, पण सगळे धरून चालले होते की तो कवळीबाईकडे जाणार. तीही धरून चालली होती. या वर्गापलीकडे तिला दुसरं काही नको होतं.

तिने सहावा पालट दाखवला. सगळ्यांसमोर पहिल्यांदाच. पाऊल आत, वजन टाचेवर, हात कानामागून, नजर मागे.

मास्तरांनी वकीलकाकांकडे हात केला. वकीलकाकांनी खिशातून फोन काढला आणि कोणाकडे न बघता त्यांच्या हातात दिला. फोनवर एका परगावच्या क्लबचं प्रात्यक्षिक होतं. मैदान, निळे पोशाख, पुढे त्यांचा प्रशिक्षक आणि मागे रांगेने वर्तुळं. ते पालट करत गेले. सहाव्याला सगळ्यांचं वजन एकदम टाचेवर थांबलं, सगळ्यांचे हात कानामागून फिरले, सगळ्या माना मागे वळल्या.

"हा हात मी जगात एकाच माणसाला दिलाय," मास्तर म्हणाले. "कोणाला शिकवलास?"

"कोणालाच नाही."

"मग उडत गेला काय तिकडे?"

ती पुन्हा म्हणाली, कोणालाच नाही. मास्तर आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी फोन परत दिला आणि सांगितलं की पुढच्या रविवारपासून तिने येऊ नये. जिला आतलं दिलं तिनेच दार उघडं टाकलं, तर बाकीच्यांना मी काय सांगू, एवढंच ते बोलले.

एक गोष्ट तिला तेव्हा खटकली नाही. एवढं ऐकूनही कोणी विचारलं नाही की मास्तरांनी हिलाच वेगळं काय म्हणून दिलं. एरवी कोणाला वर्तुळ हातभर मोठं मिळालं तरी कुरकूर करणारी ती माणसं. त्या दिवशी सगळे खाली बघत होते. तिचा नवरा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून होईना.

घरी परतताना गाडी तो चालवत होता, ड्रायव्हिंग स्कूलचीच, टपावर पाटी असलेली. तिच्या पायाखाली तो जादा ब्रेक होता. तो म्हणाला की मास्तर थकलेत, म्हातारपणी माणूस संशयी होतो, राग उतरेल. तिने विचारलं, तू तिथे का बोलला नाहीस. तो म्हणाला, "मी काय बोलणार? मला तर त्या हाताचं माहीतच नव्हतं." मग त्याने रेडिओ लावला. एरवी तो गाडीत रेडिओ लावत नसे. शिकवणाऱ्याने कान रस्त्याला द्यावेत, असं त्याचंच म्हणणं होतं.

वकीलकाकांकडे तिने तो व्हिडिओ मागितला. त्यांनी एक शब्दही न लिहिता पाठवून दिला.

तिने तो जेवणाच्या टेबलापाशी बसून पाहिला, थांबवून, मागे नेऊन. काम करताना कवळी हातात फिरवून बघायची तशी. कुठे उंच लागते, कुठे बोचते. आणि तिला दिसलं की कानामागून हात फिरवताना निळे पोशाखवाले कोपर आत ओढतात. अंगाशी चिकटवतात आणि त्यासाठी खांदा जरासा पाडतात. तेही एकाच बाजूला. उलट दिशेने चालताना कोपर मोकळं, मास्तरांनी शिकवल्यासारखं. डावीकडून येताना मात्र चोरलेलं. तिने प्रशिक्षकाकडे पाहिलं, मग मागच्या रांगेतल्या पोरसवद्या मुलीकडे. सगळे तसंच करत होते, एकाच शिस्तीत.

तिने फोन ठेवला, स्टूल मध्ये आणलं आणि चालायला लागली. उजवीकडून पालट केला, कोपर मोकळं राहिलं. डावीकडून केला आणि कोपर आपोआप अंगाशी आलं. का आलं ते बघायला तिला मान वळवावी लागली नाही. तिथे फ्रिज होता. त्याची मूठ बाहेर आलेली होती, आणि पहिल्या आठवड्यात तिचं कोपर त्या मुठीवर आपटून काळंनिळं झालं होतं. तेव्हापासून ती त्या जागी कोपर आत घ्यायची. हॉलमध्येही त्या रविवारी तसंच घेतलं असणार.

परगावच्या मोकळ्या मैदानात ती सगळी माणसं तिच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजला चुकवत होती.

ती स्टुलावर बसली. स्वयंपाकघराच्या दाराला दुधी काच होती आणि लोटलेलं दार नीट मिटत नसे, बोटभर फट राहायची. मास्तर या घरात कधी आले नव्हते. वर्गातलं कोणीच आलं नव्हतं.

नवरा संध्याकाळी परत आला. तिने त्याला चहा दिला नाही, बस म्हटलं नाही. व्हिडिओ लावला आणि कोपरावर बोट ठेवलं. मग फ्रिजवर ठेवलं.

त्याने फोन उचलून तेवढं पुन्हा एकदा पाहिलं. नाकारलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने सांगितलं की सुरुवातीला एकदा काहीतरी विसरलं म्हणून तो परत आला होता, फटीतून दिसलं, आवडलं, मग परत कधी कधी पाहिलं. गेल्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षणाला तो त्या गावी गेला होता. तिथे हा क्लबवाला भेटला, ओळख झाली. क्लबवाल्याने पावलाची एक युक्ती दाखवली, छान होती, त्या बदल्यात आपणही काहीतरी द्यायला हवं होतं. रिकाम्या हाताने कसं यायचं.

"मग तुझं काही द्यायचंस," ती म्हणाली.

"माझा हात कसा देणार? मास्तरांना शब्द दिलाय."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने विचारलं, तुलाही दिलाय? तो जरा संकोचला, मग हो म्हणाला. बरीच वर्षं झाली. वेगळा आहे, तिच्या हातासारखा नाही. मास्तरांनी सांगितलं होतं कोणाला दाखवू नकोस, म्हणून त्याने दाखवला नाही. तिलाही नाही.

"आणि माझा दाखवलास."

"मला कुठे माहीत होतं तुझाही आतलाच आहे म्हणून? मला वाटलं, तुला दिलाय म्हणजे असेल काहीतरी किरकोळ."

हे त्याने तिला दुखवायला म्हटलं नव्हतं. खरं होतं म्हणून म्हटलं. म्हटल्यावर त्याच्याही लक्षात आलं आणि तो पाणी प्यायला उठला. फ्रिज उघडताना त्याने मूठ हळूच धरली.

तिने एकच गोष्ट मागितली. मास्तरांकडे जा आणि जे झालं ते सांग. रागावतील, तुलाही काढतील कदाचित, पण सांग. तो म्हणाला, सांगतो. उद्याच. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मास्तरांच्या तपासण्या चालू आहेत, अशा वेळी नको. त्यानंतर म्हणाला, योग्य वेळ बघून. गाडी शिकवणारा माणूस, वळण आलं की आधी वेग कमी करणारा. वळण येत राहिलं आणि तो वेग कमी करत राहिला.

लॅबमध्ये ती कामाला जात होती. मेणात दात बसवायचे, वरचे खालच्यावर मिटवून बघायचे, प्लास्टर ओतायचं. पॉलिशच्या यंत्रावर बसणारी मावशी तिच्याहून पुष्कळ मोठी होती आणि चेहरा बघून आजार सांगायची. तिने दोन-तीन दिवस वाट पाहिली, मग विचारलं, काय झालंय. हिने सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की घरच्या माणसाने दगा दिला. मावशीने यंत्र बंद केलं. "आपलेच दात नि आपलेच ओठ," ती म्हणाली. मग हातातली कवळी उजेडाकडे धरून म्हणाली, "निदान यांचं बरं असतं. रात्री काढून पेल्यात ठेवता येतात." हिला हसू आलं. त्या आठवड्यातलं तेवढंच.

पुढच्या रविवारी नवरा वर्गाला गेला. जाऊ नकोस असं ती म्हणाली नाही. आज तरी सांगेल असं तिने धरलं होतं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात हॉलच्या किल्ल्या होत्या.

त्याने त्या टेबलावर ठेवल्या आणि आपण होऊन बोलायला लागला. मास्तरांनी सगळ्यांसमोर दिल्या, नाही कसं म्हणणार. ऑपरेशन चार दिवसांवर आलंय, वर्ग बंद पडला असता. आपल्या घरात आला म्हणजे तुझ्याकडेच आला असं समज. थोडे दिवस जाऊ दे, मग तू परत ये, मागच्या रांगेत उभी राहा, लोक विसरून जातील.

"सांगितलंस का?"

"आज कसं सांगणार?" तो म्हणाला. "आज तर ते किल्ल्या देत होते."

ती चप्पल घालून निघाली.

मास्तर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. सामान बांधून झालं होतं. भिंतीवरच्या चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते आणि खुर्ची एकच बाहेर ठेवलेली होती. ती त्यांनी तिला दिली. स्वतः खोक्यावर बसले, दुखणारा पाय लांब करून. का आलीस, असं विचारलं नाही.

तिने सांगितलं. फट, फ्रिज, कोपर, परगावचा क्लबवाला, सगळं, ज्या क्रमाने कळलं त्या क्रमाने. मास्तरांनी मध्ये अडवलं नाही. कोपराचं ऐकून ते थोडे हसले, चांगलं हेरलंस म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला आता कळलं," ती म्हणाली.

"फ्रिजचं आता कळलं. तुम्हा दोघांतलंच कोणीतरी हे तेव्हाच कळलं होतं. तू अशी नाहीस, तेही माहीत होतं."

"मग मला का काढलंत?"

मास्तर पायावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, खूण तुझी होती. फुटली ती तुझी. सगळ्यांनी पाहिली. खुणेवरून एकाला पकडायचं आणि दुसऱ्याला काढायचं, असं केलं तर खुणेला अर्थ राहत नाही.

तिने विचारलं, खूण म्हणजे काय.

तेव्हा त्यांनी सांगितलं, सवयीची गोष्ट सांगावी तसं. त्यांच्या गुरूंची रीतच होती ती. शिष्याला चाल द्यायची, पण प्रत्येकाच्या चालीत एक खोटी जागा घालून ठेवायची. कोणाच्या दुसऱ्या पालटात, कोणाच्या सातव्यात. एकाची दुसऱ्याला माहीत नाही. त्याला सांगायचं, हा तुझ्या एकट्याचा, आतला, जप. तो जपतो. आणि कधी चाल बाहेर गेली, तर ती खोटी जागाही बरोबर जाते आणि कुठून फुटलं ते कळतं. गुरुजी म्हणायचे, हातचं राखून तर सगळेच शिकवतात, शहाण्याने हातचं घालून शिकवावं.

गेल्या रविवारी हॉलमध्ये सगळे खाली का बघत होते, ते तिला त्या खुर्चीत बसून कळलं. वकीलकाका, पाठीमागे चालणारी एक शिक्षिका, बँकेत काम करणारा एक जण. एकेकाची मूठ झाकलेली होती. आपली कोणी विचारू नये म्हणून तिची कोणी विचारली नाही.

"म्हणजे कानामागचा हात..."

"मूळ चालीत नाही."

"कुठेच नाही? मी इतकी वर्षं..."

"वाईट नाही तो. तू करतेस तेव्हा छान दिसतो," मास्तर म्हणाले. "पण मीच बसवला. तुझ्यासाठी."

शेवटचे दोन शब्द त्यांनी मायेने म्हटले. ती माया खोटी नव्हती हे तिला दिसलं आणि त्यानेच तिला जास्त राग आला. दुसऱ्या शहरातली लॅब तिला आठवली असेल किंवा नसेल. तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची चेन चढवत होतं, ती चढत नव्हती, आणि दोघांनीही थोडा वेळ तेच ऐकलं.

मग तिने चालणाऱ्याने विचारायचा तो प्रश्न विचारला. "मग त्या जागी काय असतं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "सरळ चालत राहायचं असतं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, माझ्याही चालीत असेलच की एखादी. गुरुजींनी मला काय कमी ओळखलं होतं? कुठली ते मला माहीत नाही. शोधली पुष्कळ. आता कोणाला विचारायची सोय नाही.

तिने विचारलं, किल्ल्या त्याला का दिल्या. त्याने काय केलं ते माहीत असताना. मास्तरांनी उत्तर तयार ठेवलेलं होतं. तो माणसं जमवतो, त्यांना धरून ठेवतो, कोणी दोन रविवार आलं नाही तर घरी फोन करतो. "तू चालतेस चांगली. पण चालणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा." आणि त्याची खूण अजून त्याच्यापाशीच आहे, ते म्हणाले. त्याने ती कोणाला दिली नाही. त्या हिशेबाने तो विश्वासाचाच ठरतो.

ती उठली. नेहमी जाताना ती वाकून नमस्कार करायची. आज तिने खुर्ची उचलून भिंतीशी लावली आणि निघाली. मास्तर म्हणाले, "त्याला सांगू नकोस. त्याच्या हाताचं." मग जरा थांबून म्हणाले, "सांगितलंस तरी मी काय करणार म्हणा."

घराकडे येताना ती ठरवत आली. तिला सांगायचं होतं. त्याने तिचं चोरलं होतं, खपवलं होतं, तिला सगळ्यांसमोर उभं करून नाडी बांधत बसला होता, तरी तिला सांगायचं होतं. त्याच्यावर दया म्हणून नव्हे. दोघांनाही एकाच माणसाने फसवलं होतं, आणि या घरात त्याबद्दल एकमेकांशी बोलता येण्यासारखी दोन माणसं होती. तेवढं जरी झालं, तरी पुढचं काय ते बघता येईल, असं तिला वाटत होतं.

नवरा बाहेरच्या खोलीत होता. टीपॉय भिंतीकडे सरकवलेला, गालिचा गुंडाळलेला. सराव करत असावा. तिला बघून तो थांबला. कुठे गेली होतीस हे त्याने विचारलं नाही. त्याला माहीत असणार.

"तुझा हात दाखव," ती म्हणाली.

"कसला?"

"तुझा. एकट्याचा. मास्तरांनी दिलेला."

तो हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने गुंडाळलेल्या गालिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "नको ना," तो म्हणाला. "कोणाला दाखवायचा नाही म्हणून शब्द घेतलाय त्यांनी."

"मलाही?"

"घरच्यांनाही नाही म्हणाले होते." तो खरोखर अवघडला होता. त्याला तिला नाराज करायचं नव्हतं, हे त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर होतं. "आणि तुझ्या हाताचं काय झालं बघितलंस ना? एकदा बाहेर गेला की गेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं ती भांडणार, म्हणून तो घाईने दुसरं बोलायला लागला. पुढच्या रविवारपासून वर्ग त्याने घ्यायचा होता. तिसऱ्या पालटात त्याचा खांदा चढतो, मास्तर नेहमी टोकायचे, तेवढं जरा बघून देशील का, तुझा तिसरा चांगला आहे. आत्ताच नको, सावकाश, तुला वेळ असेल तेव्हा.

"बघू," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मागे बाहेरच्या खोलीचं दार लागलं. ते नीट मिटणारं दार होतं. त्याने कडीही लावली.

तिने कुकर लावला, भाजी चिरायला घेतली. दाराआडून पावलं ऐकू येत होती, जमिनीलगत सरकणारी, एकसारखी. नवरा काही वाईट चालत नसे. पहिला पालट गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला श्वास जरा मोठा झाला, खांदा चढला असणार. चौथा नीट गेला. पाचव्यात पाऊल आत वळलं, आणि जिथून चाल पुढे निघायला हवी होती तिथे पावलांचा आवाज थांबला. क्षणभरच. कापड कापडावर घासल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि पावलं पुन्हा निघाली.

तिने सुरी खाली ठेवली. पुढच्या फेरीला आवाज पुन्हा तिथेच थांबला. त्याच्या पुढच्या फेरीलाही. तिथे तो सगळ्यांत सावकाश जात होता, सगळ्यांत जपून, आणि एकदा मनासारखं झालं नाही म्हणून मागे येऊन त्याने तेवढंच पुन्हा केलं.

ती ऐकत होती. मग तिने सुरी उचलली आणि उरलेली भाजी चिरून संपवली.